एका पोराला दहा मिनिटं दिली, तर उरलेल्या एकतीस जणांचं काय?

खडूची_पूड (मंगळवार, रात्री १०:५०)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवरच डोकावते, त्यामुळे हे चुकीच्या विभागात पडलं असेल तर संपादकांनी हलवावं.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला शिकवते. पट बत्तीस. दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव ट्रॅक्टरवर चढून ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे जातं, ते मार्च-एप्रिलातच परततं. काही पोरं आईबापाबरोबर फडावर जातात, काही आजीपाशी राहतात. माझ्या वर्गात अशी मागे राहिलेली अकरा आहेत. त्यातल्या एकाबद्दल लिहिते. खरं नाव नको, बाळू म्हणू.

बाळू म्हणजे गेल्या वर्षीपर्यंत वर्गात सगळ्यात आधी हात वर करणारा पोरगा. एकोणतीसचा पाढा उलटा म्हणायचा, उगाच, मला चिडवायला. यंदा आईवडील दोघंही गेले, हा आजीपाशी. दिवाळीनंतर शाळा भरली आणि पोरगं बदललं. हजेरीला ‘हजर’ म्हणत नाही, नुसता बघतो. वह्या फाडतो. गणिताच्या चाचणीचा पेपर नाव घालून कोरा दिला.

आजचा दिवस सांगते. परिपाठाला रांगेत उभा होता, शर्टाची गुंडी एक सोडून लावलेली. मी लावायला गेले तर हात झटकला. सव्वाअकराला मी फळ्याकडे वळले आणि मागे किंकाळी. बाळूने शेजारच्या पोराच्या दंडात कर्कटक खुपसलं होतं. फार नाही, पण रक्त आलं. ते पुसते आहे, तोवर मोबाइल वाजायला लागला, केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) ग्रुपवर ‘अमुक माहिती आजच्या आज, बारापर्यंत, अतितातडीचे’. बारा वाजता त्या दुसऱ्या पोराची आई आली. बोलली ते सगळं इथे लिहीत नाही. तिचं काही चूकही नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, ‘त्याला दोन दिवस घरी बसवा, आपोआप ताळ्यावर येईल.’

मी बसवलं नाही. मधल्या सुट्टीत त्याला हापशावर नेलं आणि खिचडीची ताटं धुवायला घेतली. मी हापसायचं, त्यानं धुवायचं. दहा-बारा ताटं झाल्यावर ताटाकडेच बघत म्हणाला, ‘मायचा फोन येत न्हाई.’ वडिलांच्या फोनवर आई बोलायची, तो फोन वीस दिवस बंद. माझ्या मोबाइलवरून लावला. बंद. ‘उद्या परत लावू, एक चाळीसला,’ म्हटलं. मधली सुट्टी संपायला दहा मिनिटं असतात तेव्हा.

आता शेजारच्या वर्गावरचे सर म्हणतात, ‘मॅडम, एकाला फोन दिलात, उद्या अकरा जण रांग लावतील. आणि मारकुट्याला लाड मिळतात हे बाकीच्यांनी बघितलं.’ रात्रीचे अकरा वाजत आले, तेच डोक्यात घोळतंय. शिक्षकाने कुठवर जावं? आणि जी एकतीस शहाण्यासारखी बसली होती, त्यांच्या वाटची दहा मिनिटं मी चोरली का?

---

भटका_विमुक्त

मॅडम, आधी हुलग्याच्या माडग्याची पाककृती अर्धी सोडून गेलात, ती पुरी करा. मग समाजसेवा.

(गंमत हो. वाचून घशात आलं काहीतरी. सविस्तर नंतर लिहितो.)

---

निवृत्त_मास्तर

चौतीस वर्षं सातारा जिल्ह्यात नोकरी केली. स्पष्ट बोलतो, राग मानू नये. कर्कटक खुपसणाऱ्या पोराला हापशावर नेऊन गप्पा मारल्यात, तर ज्याच्या दंडातून रक्त आलं तो काय शिकला? आम्ही दोन रट्टे द्यायचो आणि संध्याकाळी त्याच पोराला सायकलवर पुढे बसवून घरी जेवायला न्यायचो. धाक आणि माया एकाच हातात असायची. आता धाक काढून घेतला सरकारने, आणि मायेला वेळ ठेवला नाही.

फोनचं मात्र चांगलं केलंत.

---

कायद्याचं_बोला

@निवृत्त_मास्तर, रट्ट्यांचं आपण २००९ साली बंद केलं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७: शारीरिक शिक्षा नाही आणि मानसिक छळही नाही. या दुसऱ्या भागाकडे कुणी बघत नाही. ऊसतोड मजुराच्या मुलाला ‘कोयत्याचं पोर’ म्हणून चारचौघांत बोलणं त्यातच यावं.

मॅडम, मुख्याध्यापकांनाही नम्रपणे कलम १६ दाखवा. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीला नापास करायची मुभा राज्यांना मिळाली, पण आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे तसंच आहे. ‘दोन दिवस घरी बसवा’ म्हणजे काढणं नव्हे असं ते म्हणतील. पण ज्याच्या घरी फक्त म्हातारी आजी आहे तो दोन दिवस कुठे बसेल? पारावर. आणि तिथे कोण कोण बसलेलं असतं ते आपल्याला माहीत आहे.

---

दोघींची_आई

सगळे बाळूबद्दल लिहिताहेत म्हणून मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझी धाकटी तिसरीत असताना वर्गातला एक मुलगा तिला रोज चिमटे काढायचा. दंडावर निळे डाग. बाईंना भेटले की त्या म्हणायच्या, ‘त्याच्या घरी प्रॉब्लेम आहे हो, समजून घ्या.’ घेतलं समजून. वर्षभर घेतलं. त्याच्या घरचा प्रॉब्लेम माझ्या मुलीच्या दंडावर का सुटावा, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

त्या दिवशी शाळेत येऊन आरडाओरडा करणारी आई मीच असू शकले असते. खडूची_पूड, ज्याला लागलं त्या मुलाशी तुम्ही किती मिनिटं बोललात? टोमणा नाही, खरंच विचारते.

---

खडूची_पूड

@दोघींची_आई, हळद लावली, पट्टी बांधली आणि ‘बस आता जागेवर’ म्हटलं. एवढंच. तुमचा प्रतिसाद वाचून पाणी प्यायला उठले.

उद्या पहिल्यांदा त्याच्याशी बोलते.

---

मनकवडी

मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते (पुणे). घाईत आहे, सुचेल तसं लिहिते.

ताटं धुताना बोललं पोर, हे योगायोगाने नाही. समोरासमोर बसवून ‘काय झालं रे, असं का केलंस’ विचारलं की दहा-बारा वर्षांचा मुलगा गप्प होतो किंवा खोटं बोलतो. हाताला काम आणि नजर दुसरीकडे असली की बोलतो. तुम्ही न शिकता बरोबर केलंत. फक्त ‘का’ विचारू नका, ‘मग काय झालं’ विचारा.

पण ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. कधीच. आईवडील चार-पाच महिने गावात नाहीत, मूल कुणाच्या तरी भरवशावर आहे. उद्या त्याने कुणी हात लावल्याचं सांगितलं तर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याच्या कलम १९ खाली पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, तिथे ‘मुख्याध्यापकांना विचारते’ चालत नाही. एरवीही मूल संकटात वाटलं तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत नंबर चोवीस तास चालू असतो.

रोज चार ओळी वहीत लिहा. तारीख, काय घडलं, त्याच्या आधी काय घडलं होतं. निदान करायला नका जाऊ, नुसतं लिहा. पंधरा दिवसांनी मागे वळून बघाल तेव्हा काहीतरी दिसतं. बहुतेक वेळा वार दिसतो, किंवा वेळ.

आणि तुम्ही रात्री अकरा वाजता हे लिहीत बसला होतात. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर मोठ्यांसाठीही आहे, मराठीत बोलतात. लाजायचं कारण नाही.

---

भटका_विमुक्त

आमच्या शाळेत समुपदेशक म्हणजे शिपाईकाका. बिडी विझवून ऐकून घ्यायचे, मग म्हणायचे, ‘जाऊदे, बोरं खा.’ यश शंभर टक्के.

---

लीड्सकर

इथे इंग्लंडमध्ये माझी बायको प्राथमिक शाळेत वर्गसहायक आहे. शिक्षिका शिकवते, तेव्हा ती अशा एका-दोघांना घेऊन कोपऱ्यात बसते. शिवाय विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी शाळेत एक शिक्षिका खास नेमलेली असते, तसा नियमच आहे. तरीही तक्रारी आहेतच, तज्ज्ञाकडे नंबर लागायला महिनोन्‌महिने जातात. एकटी बाई बत्तीस पोरं आणि वर हापसा, हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘आणि माहिती बारापर्यंत?’ ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

---

पाटी_पेन्सिल

लीड्सकर, वहिनींना सांगा, बारापर्यंतची माहिती दिली की तीन वाजता तीच माहिती एक्सेलमध्ये मागतात. आणि चार वाजता ‘पूर्वीचा तक्ता रद्द समजावा’.

मीही जि.प.चीच. त्याच शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम लावू नये. वाचायला फार गोड आहे. निवडणुकीच्या त्या एका शब्दात मतदारयादी आली, घरोघर फिरणं आलं, वर्षभराचं बीएलओचं (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं) काम आलं. परवा एका घरी नाव नोंदवायला गेले, तर तिथलं पोर म्हणालं, ‘मॅडम, तुम्ही शाळेत पण असता का?’

---

ढोलीतलं_घुबड

बीएलओवर वेगळा धागा काढा की राव. तिथे मी दोन पानं लिहीन.

---

टायरगाडी (बुधवार, रात्री १२:३५)

इथे मी फक्त वाचतो. हा दुसरा प्रतिसाद असेल माझा. सेकंड शिफ्ट करून आलोय, चाकणला असतो.

मॅडम, मी तुमच्या बाळूसारखाच. आईबाप एक कोयता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादम (टोळी जमवणारा) उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो ती जोडीला देतो, एकट्याला नाही. म्हणून ‘आई राहिली असती पोरापाशी’ असं कुणी म्हणू नये. राहिली की उचल तुटली.

एक विचारू का. घरी लहान भाऊ-बहीण आहे का त्याला? आणि ते आईबरोबर गेलंय का?

मी सहावीत असताना मला ठेवलं आणि धाकट्याला नेलं. का ठेवलं? तर मी हुशार. सर आमच्या घरी येऊन सांगून गेले होते, ‘पोरगं हुशार आहे, फडावर नेऊन वाटोळं करू नका.’ बापाने ऐकलं. मला त्या वयात कळलं ते एवढंच, की पाढे पाठ केले म्हणून माय गेली. धाकट्याला काही येत नव्हतं, तो मायच्या कुशीत. मग मी ठरवलं, ढ व्हायचं. पेपर कोरा द्यायला लागलो. दोन महिने कुणाला पत्ता नाही. सगळे म्हणत होते आईची आठवण येते म्हणून करतो. आठवण तर होतीच. पण मी डोकं लावून करत होतो ते.

कोरा पेपर वाचला आणि थांबलो. बघा विचारून. चुकीचंही असेल माझं.

अजून एक. एक चाळीसला फोन लावू नका. त्या वेळी ते फडात असतात, मोळ्या बांधणं चालू असतं. कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) लाईट नसते, फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज होतात. म्हणून ड्रायव्हरला धरा. मुकादमाला नको, तो सतरा प्रश्न विचारील. ड्रायव्हरकडे सगळ्या टोळीचे फोन असतात आणि तो रात्री गाडी भरेपर्यंत मोकळाच बसलेला असतो.

---

दोघींची_आई

@टायरगाडी, दंडवत. याच्यावर मला काही लिहिता येत नाही.

---

निवृत्त_मास्तर

टायरगाडी, तुमच्या घरी येऊन गेलेले सर, तसा मीही पुष्कळ घरी गेलो आहे. चांगलं काम केलं असंच समजत होतो.

---

योजनादूत

भावनेच्या भरात मूळ मुद्दा निसटतोय. मॅडमनी एकट्याने का करावं हे? बालसंगोपन योजनेतून महिना २२५० रुपये मिळतात, अर्ज करा.

---

कायद्याचं_बोला

@योजनादूत, ती अनाथ, एक पालक असलेल्या किंवा घरात मोठं संकट असलेल्या मुलांसाठी. दोन्ही पालक हयात आहेत आणि कामावर गेलेत, तिथे ती बसणं अवघड.

इथे लागू होतं ते हंगामी वसतिगृह. नावात वसतिगृह असलं तरी मुलं बहुधा आपल्याच घरी आजीपाशी राहतात आणि दोन्ही वेळचं जेवण शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होतं. शिवाय २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृह योजना जाहीर झाली, ४१ तालुक्यांत मिळून ८२. तुमच्या तालुक्यातलं सुरू आहे का ते समाजकल्याणला विचारा.

---

पाटी_पेन्सिल

हंगामी वसतिगृहाचं आम्ही करतो. जेवण होतं, नाही असं नाही. पण यादी माणसं गावात असतानाच करावी लागते. टोळी निघून गेली की संमतिपत्रावर अंगठा आणायचा कुणाचा? आणि जेवणाने पोट भरतं, रात्री आठ वाजता घरी जाऊन आजीचं ऐकू न येणं तसंच राहतं. आमच्याकडची पोरं जेवण झालं तरी हलत नाहीत. ताट घासत बसतात, घासलेलंच परत.

---

भटका_विमुक्त

सविस्तर लिहितो म्हणालो होतो. लिहायला बसलो आणि टायरगाडींच्या खाली काही लिहवेना.

एक हिशोबी सूचना. मॅडम, तुमचा मूळ प्रश्न दहा मिनिटांचा होता ना? एक दिवस घड्याळ लावून मोजा, वर्गाची मिनिटं कोण कोण नेतं ते. बाळू कितव्या नंबरावर येतो कळवा.

---

खडूची_पूड (सोमवार, रात्री ९:१५)

उशीर झाला, माफ करा. केंद्रप्रमुखांची भेट होती.

आधी हिशोब. शुक्रवारी मोजलं. ऑनलाइन माहिती आणि तिचे फोटो एक तास दहा मिनिटं. पोषण आहाराचा तांदूळ मोजून घेणं पंचवीस. दाखल्यासाठी आलेले एक गृहस्थ पंधरा. बाळू सात. मधल्या सुट्टीत, म्हणजे माझ्या डब्यातले सात. भाजी गार झाली एवढंच. शेजारच्या सरांना कागद दाखवला, ते म्हणाले, ‘हा कागद केंद्रप्रमुखांना दाखवू नका.’

ज्याला लागलं त्या मुलाशी बोलले, दोघींची_आई. त्याने पहिलं काय विचारावं? ‘मॅडम, माझं नाव पण वहीत लिहिता का?’ मनकवडींनी सांगितलेली वही त्याने बघितली होती. लिहिलं त्याचं नाव. त्याचीही आई फडावर असते, यंदा गुडघ्याच्या दुखण्यामुळे राहिली आहे, हे मला त्याच्या शेजारी बसल्यावर कळलं. म्हणजे वर्गातल्या ऊसतोडीच्या घरांतला, यंदा आई घरी असलेला तो एक, आणि बाळू त्याच्याच शेजारी. जागा मीच दिल्या होत्या जूनमध्ये, उंचीप्रमाणे.

टायरगाडी, तुमचं बरोबर निघालं. सहा वर्षांची बहीण आहे, तिला नेलंय. ताटं धुताना मी काही विचारलं नाही, नुसतं म्हटलं, ‘पेपर कोरा देऊन कुणी ढ होत नाही रे, मला तुझं अक्षर माहिती आहे.’ बराच वेळ ताट फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘मला एकोणतीसचा येत न्हाई आता.’ मी म्हटलं, ‘बरं.’ दोघंही खोटं बोलत होतो, दोघांनाही ठाऊक.

आणि एक गोष्ट कबूल करायची आहे. ऑगस्टात मीच गेले होते त्यांच्या घरी. ‘याला नेऊ नका, हुशार आहे,’ हे माझंच वाक्य.

---

मनकवडी

ते वाक्य चुकीचं नव्हतं. अर्धं होतं. मुलाला कुणी सांगितलं नाही की त्याला का ठेवलंय आणि ते कधी परत येणार. कॅलेंडर द्या त्याला. खरंखुरं, भिंतीवरचं. एप्रिलपर्यंत रोज एक फुली.

---

ढोलीतलं_घुबड

कॅलेंडर नको. फुल्या संपल्या आणि गाळप लांबलं तर? गेल्या वर्षी आमच्याकडे टोळी पंधरा दिवस उशिरा आली. पोरं वेशीवर बसायची.

---

मनकवडी

हा मुद्दा मला सुचायला हवा होता. मग तारीख न देता ‘आजपर्यंत किती दिवस झाले’ तेवढं मोजायचं. पुढचं नाही.

---

टायरगाडी

मला सरांनी टोल द्यायला लावलं होतं. शाळेत रुळाचा तुकडा टांगलेला असायचा, त्यावर लोखंडी दांडक्याने. घड्याळ माझ्याकडे. टोल चुकला की अख्खी शाळा चुकणार. त्या भीतीने मी रोज गेलो शाळेत. दया नको असते हो, काम द्या काहीतरी.

ड्रायव्हरचं काय झालं?

---

निवृत्त_मास्तर

अवांतर. या धाग्यामुळे एका जुन्या विद्यार्थ्याला काल फोन लावला. ज्याला मी सगळ्यात जास्त मारलं होतं, तो. आता कऱ्हाडला दुकान आहे त्याचं. विचारलं, ‘तुला माझा मार आठवतो की घरचं जेवण?’ म्हणाला, ‘गुरुजी, मला तुमची सायकल आठवते. चेनला करकर यायची.’ अर्धा तास सायकलवरच बोलला. मी मुद्दा जिंकलो की हरलो, कळत नाही.

---

भटका_विमुक्त

अनिर्णित, मास्तर. चहा होऊन जाऊ द्या.

---

खडूची_पूड (बुधवार, दुपारी १:२५)

डबा खाताखाता लिहिते. ड्रायव्हरचा नंबर सरपंचांच्या पुतण्याकडून मिळाला. मुकादमाला वळसा घातला. काल रात्री साडेदहाला ड्रायव्हरने त्याच्या मोबाइलवरून आवाजाचा निरोप पाठवला, एक मिनिट चाळीस सेकंदांचा. मागे ट्रॅक्टर चालू आहे, मोळ्या पडल्याचा आवाज येतो, मधेच बहीण ‘दादा दादा’ करते. आई फार काही बोलत नाही. जेवला का, आजीला औषध देतो का, मॅडमला तरास देऊ नको. आणि मग उगाचच म्हणते, ‘चिमीला शंभरपर्यंत येत न्हाई, आल्यावर तू शिकव.’ ड्रायव्हरने सुचवलं की तिचं तिलाच सुचलं, देव जाणे.

बाकीच्या दहा जणांसाठीही ड्रायव्हरला विचारलं आहे. दोन टोळ्या त्याच्याच गाडीवर आहेत, उरलेल्यांचं बघू. सर म्हणाले होते तशी रांग लागली आहे खरी. सरच ती उभी करताहेत.

पेपर अजून कोराच देतो. हजेरीला आज ‘हं’ म्हणाला.

---

पाटी_पेन्सिल

‘हं’ ला लाल पेनने बरोबरची खूण!

---

भटका_विमुक्त

आता तरी माडगं? हुलगे भिजवून तीन दिवस झाले, मोड फुटून रोप यायला लागलंय.

---

खडूची_पूड (दुपारी १:३९)

भिजवायचे नसतात हो, भाजून दळायचे. रविवारी नीट लिहिते. आता ठेवते, एक चाळीस झाले, दारात उभा आहे.